बाभळीपासून दिसत होती

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत आम्ही दोघांनी अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले बहुतेक आडरस्ते मोटारसायकलवरून पाहिले. नवरा चालवत असे, मी मागे बसत असे. मला दुचाकी येत नाही. चौथ्या वर्षी, अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे, सकाळी आठच्या सुमारास आमच्या गाडीने रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईला धक्का दिला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. गाडी नवऱ्याच्या हातात होती. चूक माझी होती. ती कशी, एवढंच या लिखाणात आहे.

मी पंचवीस वर्षं अकोल्याच्या एका दैनिकात काम केलं. त्यातली शेवटची सोळा वर्षं डेस्कवर, म्हणजे आलेली बातमी तपासून छापायला सोडण्याच्या कामावर. नवरा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात होता. त्याची नोकरी रस्त्यांवर गेली, माझी रस्त्यांवरून आलेल्या बातम्यांवर. जठारपेठेतल्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. दोघंही घरी बसल्यावर पहिल्या महिन्यात आमच्या लक्षात आलं, की एकमेकांशी बोलायला आमच्याकडे फारसं काही नाही. भांडण नव्हतं. सवय नव्हती. मी रात्री एकला घरी येत असे तेव्हा तो झोपलेला असे, आणि तो सकाळी साइटवर निघे तेव्हा मी.

फिरायची कल्पना त्याची. नियमही त्यानेच केले. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. या दोन्ही रंगांच्या रस्त्यांवर जायचं नाही. नारिंगी माथा खेड्याच्या रस्त्याचा, तो आपला. मुक्काम देवस्थानाच्या भक्तनिवासात किंवा शाळेच्या ओट्यावर. जेवण घरून नेलेलं: ज्वारीच्या भाकरी, ठेचा, दोन कांदे. एका फेरीला पेट्रोलची एक टाकी. टाकी अर्धी झाली की परत फिरायचं, जिथे असू तिथून.

त्यामुळे आमचे प्रवास कुठेही संपत. दर्यापूरच्या पुढे खारपाणपट्ट्यात एका गावात विहीर दिसली म्हणून पाणी प्यायलो, ते तोंडात धरवेना. तिथल्या म्हातारीने विचारलं, तुमी कोठचे. अकोल्याचे म्हटल्यावर म्हणाली, "मंग तुमाले पाणी पाहूनच समजाले पायजे होतं." घाटांगच्या बाजूने चिखलदऱ्याला चढताना तीन तासांत दोन वाहनं भेटली. पूर्णेच्या काठी एका पुलावर आम्ही दुपारभर बसलो, कारण नवऱ्याला त्या पुलाच्या कठड्याचं काम कोणी केलं ते माहीत होतं आणि ते तो सांगत होता. मी तीस वर्षांत त्याचं एवढं बोलणं ऐकलं नव्हतं. गाडीवर तो समोर पाहून बोलत असे आणि मी त्याच्या पाठीकडे पाहून ऐकत असे. चेहरे समोरासमोर नसल्यामुळे असेल, आम्हाला ते जमलं.

मी खिशात मावेल अशी वही ठेवत असे. तारीख, रस्ता, किलोमीटर, कुठे थांबलो. डेस्कवरच्या माणसाला वार्ताहराच्या वहीचा सोस असतो, तो माझा निवृत्तीनंतर पुरा झाला.

चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात त्या वहीत पहिली निराळी नोंद आली. अकोटच्या उत्तरेला एका वळणावर डावीकडून सायकलवाला रस्त्यावर आला. आमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला चाटून गेलं. कोणी पडलं नाही. सायकलवाल्याने मागे वळून शिवी दिली आणि तो गेला. नवरा म्हणाला, साइडपट्टी अर्धा फूट खचली आहे, सायकल तिथून वर येताना दिसतच नाही, हे काम झालं तेव्हाच मी लिहून दिलं होतं. मी उतरून पाहिलं. साइडपट्टी खरंच अर्धा फूट खचली होती.

दुसरी नोंद पंधरा दिवसांनंतरची. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, एक बैलगाडी रस्त्याला लागत होती, तीही डावीकडून. मी "बैल" म्हणाले तेव्हा त्याने ब्रेक दाबला. त्याने सांगितलं, ऊन डोळ्यांवर होतं. ऊन होतं. त्याच दिवशी चहाच्या टपरीवर बाकड्याच्या डाव्या कडेला ठेवलेला ग्लास त्याच्या हाताने पडला. टपरीवाला म्हणाला, काका, चहा आवडला नाई काय. नवरा हसला, दुसरा घेतला. मी ग्लासचीही नोंद केली, पण कंसात.

आता माझ्या सवयीविषयी सांगायला हवं. डेस्कवर आमच्याकडे एक रीत होती. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट छापायची नाही. दोघांनी सांगितली आणि दोघंही एकाच बाजूचे असले तरी छापायची नाही. ज्याच्याविषयी बातमी आहे त्याचं स्पष्टीकरण घ्यायचं, आणि ते पटण्यासारखं असेल तर बातमी थांबवायची. या रितीने माझ्या हातून कोणाची नाहक बदनामी झाली नाही. याचा मला अभिमान होता आणि आहे.

माझ्यासमोर दोन घटना होत्या, दोन्ही डाव्या बाजूच्या. दोन्हींवर त्याचं स्पष्टीकरण होतं आणि ते जागेवर जाऊन तपासलं तर खरं निघत होतं. रस्त्याविषयी तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. शिवाय मी त्याला काही म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ एकच होता: गाडी सोडा. गाडी सुटली तर फिरणं सुटलं, आणि फिरणं सुटलं की पुन्हा त्या दोन खोल्या. मला पक्की खात्री हवी होती, हे खरं. ती लवकर होऊ नये असंही मला वाटत होतं. तेही तितकंच खरं आहे.

बैलगाडीनंतर मी मागून सांगायला लागले. सायकल. बकऱ्या. माणूस. मोठ्याने नाही, बोलता बोलता. तो दर वेळी म्हणे, "दिसलं." दीड-दोन महिने हे चाललं. त्या काळात एकही प्रसंग घडला नाही. मग माझ्या डोक्यात डेस्क जागा झाला. त्याला खरंच दिसतं आहे, की मी सांगते म्हणून दिसतं, हे मला कळायला मार्ग नव्हता. माझ्या आवाजामुळे पुरावाच तयार होत नव्हता. तेव्हा मी ठरवलं, एक फेरी गप्प बसायचं आणि पाहायचं. रस्ता साधा, वाहनं कमी, वेग कमी. काही झालंच तर मी वेळेवर बोलेन, असा माझा हिशेब होता.

मार्चमधली सकाळ होती. दर्यापूरकडून अंजनगावकडे जाणारा एका गाडीपुरता डांबरी आडरस्ता, दोन्ही बाजूंना हरभरा निघालेली काळी रानं, मधूनच ओलिताचा हिरवा तुकडा. एका बाभळीपासून रस्ता सरळ होतो. त्या बाभळीपाशी मला ती दिसली. डावीकडे, डांबराच्या बाहेर, हिरवं लुगडं, शेजारी भाजीचं पोतं आणि टोपली, तोंड अंजनगावच्या बाजूला. तिकडून माल न्यायला येणाऱ्या गाडीची ती वाट पाहत असणार हे लगेच कळत होतं. समोरून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह येत होता. त्याला जागा द्यायला आम्हाला डावीकडे उतरावं लागणार होतं.

मी बोलले नाही. आता पाहील, असं म्हटलं मनात. आता. नवऱ्याने गाडी शांतपणे डावीकडे घेतली, ट्रॅक्टरवाल्याला मान हलवून रामराम केला, आणि हँडल त्या बाईला लागलं. मी ओरडले तेव्हा ती पडत होती. नंतर मी ते अंतर पावलांनी मोजलं. बाभळीपासून ती उभी होती तिथवर अठ्ठ्याहत्तर पावलं होती. आमचा वेग वीसच्या आसपास होता. एक शब्द बोलायला पुष्कळ वेळ होता.

गाडी आडवी झाली. माझा गुडघा फुटला, नवऱ्याला काही झालं नाही. बाई उजव्या हातावर पडली होती. टोपली उलटून भेंडी रस्त्यावर पसरली. ट्रॅक्टर थांबला, रानातून पाच-सहा माणसं आली. नवरा हादरला होता. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, की या अचानक आल्या. हे तो बचावासाठी म्हणत नव्हता. त्याच्यासाठी ती अचानकच आली होती.

बाई जमिनीवर बसून हात मांडीवर धरून होती. पन्नाशीची असेल. ती म्हणाली, "मी कोठून येईन भाऊ? मी तं इथंच उभी होती."

जमलेल्या माणसांत दुपट्टा बांधलेला एक वयस्कर होता. त्याने नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी मांगं होत्या. तुमाले दिसली का नाई?"

"दिसली होती," मी म्हणाले.

"कोठून?"

"त्या बाभळीपासून."

"अन् यायले?"

"यांना नाही दिसली."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बाईही पाहत होती. एवढं खरं मी सांगितलं, पण ते पूर्ण नव्हतं, आणि ते पूर्ण नाही हे नवऱ्याला, बाईला आणि त्या वयस्कराला कळलं होतं.

ट्रॅक्टरवाल्याने अंजनगावहून ऑटो बोलावला. बाईचा नवरा दुधाचा डबा लावलेल्या सायकलवर आला. त्याने आधी बायकोचा हात पाहिला, मग आमची गाडी, मग रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एवढी मोठी सडक मोकळी पडली हाय," तो म्हणाला, "अन् तुमाले माईच बायको सापडली काय?" कोणी हसलं नाही. दवाखान्यात हात तपासून मनगटाचं हाड मोडल्याचं सांगितलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर झालं. गावातल्या दोघांचं म्हणणं होतं, पोलिसांत रिपोर्ट द्या. नवऱ्यानेही तेच सांगितलं, द्या, मी थांबतो. बाईने नको म्हटलं. तिचं गणित निराळं होतं. दीड एकरात भेंडी होती, एकाआड एक दिवस तोडावी लागते, एक तोडा चुकला तर माल निबर होतो. मुलगा पुण्यात कंपनीत होता. "रिपोर्ट देऊन तोडा होणार हाय का?" एवढंच ती बोलली.

आम्ही एसटीने परत आलो. गाडी दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने आणली.

चार दिवसांनी अकोल्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवऱ्याला एका यंत्रात तोंड घालून बसवलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्याचा छापील कागद आला. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांना, डावीकडे जास्त. समोरचं पूर्ण शाबूत असतं, कडा जातात, आणि जातात त्या माणसाला कळत नाही, कारण गेलेल्या जागी त्याला काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. गेलेलं परत येत नाही. औषधाने राहिलेलं टिकवता येतं. वाहन बंद. नवऱ्याने तो कागद हातात घेतला. जन्मभर नकाशे वाचलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. काळ्या भागावर त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, हे किती दिवसांचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, काही वर्षांचं.

घरी आल्यावर त्याने माझी वही मागितली. मी दिली. सायकल, बैलगाडी, कंसातला ग्लास, सगळं त्याने वाचलं. मग चष्मा काढून म्हणाला, "तू मांगून सांगत होती. बकऱ्या, माणूस. त्या दिवशी बंद काहून केलं?"

मी सांगितलं. पक्कं करायचं होतं म्हणून. जसं घडलं तसं, एकही गोष्ट न वगळता. तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला, परत आला.

"आधी सांगतलं असतं तरी मी गाडी सोडली नसती," तो म्हणाला. "पण मंग तपासून पाह्यणं मायावर झालं असतं. त्या बाईवर नाई."

गाडी त्याने त्या आठवड्यात भाच्याला देऊन टाकली. आता आम्ही एसटीने फिरतो. एसटी जिथे जात नाही तिथे जात नाही.

प्लास्टर निघायच्या सुमारास आम्ही त्या गावी गेलो. मधल्या काळात नवरा दोनदा एकटा जाऊन आला होता. मी गेले नव्हते. काम काढत होते. या वेळी तो निघताना म्हणाला, तू चाल, आणि मी निघाले. बाईचं घर गावाच्या कडेला, मागे लागूनच भेंडीचं रान. हात मोकळा झाला होता पण वळत नव्हता. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, थोडा वाकडाच बसला आहे, व्यायामाने जमेल तेवढं जमेल. ती डाव्या हाताने तोडायला शिकली होती. त्याला दुप्पट वेळ लागतो असं तिचा नवरा म्हणाला. ती म्हणाली, दुप्पट नाई, दीडपट. सहा आठवडे भावजय आणि तिची सून येऊन तोडा करून जात होत्या, पण त्यांच्याही घरी त्यांचं काम होतं.

चहा झाला. पुरुष दोघं बाहेर रस्त्याविषयी बोलत होते. बाईने कप खाली ठेवला आणि मला सरळ विचारलं, "बाई, तुमाले बाभळीपासून दिसली होती. मंग आवाज काहून नाई देल्ला?"

मी येताना याची तयारी केली होती. डेस्कची रीत, दोन घटना, स्पष्टीकरण, हे सगळं तिला कसं सांगायचं ते मनात मांडून आणलं होतं. त्यातलं काही मी वापरलं नाही. त्यांना कडेचं दिसत नाही अशी शंका आली होती आणि ती खरी आहे का हे पाहायचं होतं, म्हणून गप्प राहिले, असं मी म्हणाले.

तिने ऐकलं. वाकडा बसलेला हात तिने डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

"म्हणजे माया हातानं तुमाले पक्कं झालं," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. तिने माफ केलं असं नाही, केलं नाही असंही नाही. कप उचलून आत गेली, भांडी घासल्याचा आवाज आला, आणि आतूनच तिने सांगितलं, की उद्या तोडा आहे, भावजय उद्यापासून येणार नाही, हात मोकळे असतील तर थांबा.

आम्ही त्यांच्या ओसरीत राहिलो. सकाळी सहाला रानात उतरलो. भेंडीची कूस, बारीक टोचरी लव, हाताला खाजते म्हणून तिने आम्हाला जुन्या सदऱ्याच्या कापलेल्या बाह्या दिल्या, त्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. कोणती तोडायची ते एकदा दाखवलं: बोटाएवढी, टोक मोडलं तर कट्कन आवाज यायला हवा. मग एकेक ओळ वाटून दिली. नवऱ्याला मधली, माझी त्याच्या उजवीकडे. ती त्याच्या डावीकडून, थोडी मागे.

नवरा कामात हळू पण नेटका होता. समोरची भेंडी तो घेत होता. झाडाच्या डाव्या अंगाची राहत होती. मी हे दुसऱ्याच झाडाला पाहिलं. माझं तोंड उघडायच्या आत तिचा आवाज आला, नेहमीचा, कामातला.

"भाऊ, डाव्या हाताले एक राह्यली."

त्याने मान वळवली, शोधली, तोडली. चार पावलांवर पुन्हा.

"भाऊ, डाव्या हाताले दोन."

ओळ संपेपर्यंत ती असं सांगत राहिली. एकदाही आवाज चढला नाही, एकदाही चुकला नाही. त्याला त्यात काही वाटलेलं दिसलं नाही. ओळीच्या शेवटी त्याने आपण होऊन मान वळवायला सुरुवात केली होती, तरी काही राहत होत्याच. दुसऱ्या ओळीला तिने मला जागा बदलायला सांगितलं.

"तुमी इकडून या आता," ती म्हणाली. "मले पोतं भरा लागते. तुमी सांगा त्यायले."

मी डावीकडे गेले. पहिल्या झाडाशी एक राहिली. मी सांगितलं.